गच्चीच्या कोपऱ्यातला उंबर

कोथरूड, पुणे
दसऱ्यानंतरचा सोमवार

प्रिय शमू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. घरात फोन आहे, तू जाताना उघडून दिलेला ईमेल आहे, आणि तरी आई पोस्टाचं पाकीट पाठवते म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं तुझ्या मनात आलंच असेल. अशा पत्राच्या पहिल्या ओळीत ‘काळजी करण्यासारखं काही नाही’ असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मी ते लिहिलेलं नाही, एवढं ध्यानात ठेव आणि पत्र निवांत बसून वाच. तुझा फोन आला की बाबा माझ्या खांद्याशी येऊन उभे राहतात. ईमेल तर तेच उघडतात आणि मला मोठ्यानं वाचून दाखवतात, जशी काही मी शाळेची पायरीच चढले नाही. म्हणून आज सोनूच्या झबल्यांसाठी मलमल आणायला जाते असं सांगून निघाले आणि कर्वेनगरला मैनाकडे येऊन बसले आहे. मैना म्हणजे माझी बोन्सायच्या क्लासमधली मैत्रीण, जिनं तुझ्या रुखवतावर चिंचेचं झाड मांडलं होतं. तिनं चहा दिला आणि काही न विचारता आत निघून गेली. मलमलही घेतली आहे, खोटं पडायला नको.

सोनूचा खालचे दोन दात दाखवत हसणारा फोटो फ्रिजवर लावलाय. दूधवाल्यापासून केबलवाल्यापर्यंत सगळ्यांना तो दाखवून झाला. दिवाळी झाली की तू त्याला आमच्याकडे ठेवून अमेरिकेच्या प्रोजेक्टवर जाणार, असं तुझं आणि प्रज्ञेशरावांचं ठरलं, त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचलेलं नाही. माझ्या जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून झाली. बाळगुटीची सहाण घासून ठेवली. माळ्यावरून तुझा सागवानी पाळणा काढला, त्याला बाबांनी पॉलिश केलं आणि तेवढा वेळ शीळ घालत होते. तू बेंगळुरूला गेल्यापासून या घरात कुणाची वाट बघायचं कामच उरलं नव्हतं. सोनू येणार म्हणून मी किती वेडी झाले आहे ते तुला माहीत आहे. पुढचं वाचताना ते विसरू नकोस.

आता झाडांबद्दल. तुला वाटत असेल गच्चीवरचे बोन्साय बाबांचे. ते मूळचे माझे. तू शाळेत असताना मी रावसाहेबांच्या क्लासला जाऊ लागले आणि तिथे शिकले ती तारेची पद्धत. बुधवार पेठेतून तांब्याची तार आणायची, गॅसवर लाल करून गार केली की मऊ पडते, मग फांदीला फेर देत देत तिला हवं ते वळण लावायचं. तार सालीत रुतायच्या आत काढायची. आणि काढताना ती उलगडायची नाही, तुकडे तुकडे कापून काढायची, नाहीतर फांदी मोडते. हे सगळं कृत्रिम आहे, कबूल. वाऱ्यानं वाकलेलं झाड दाखवायचं तर वारा मीच. पण मी तसं कधी लपवलं नाही आणि प्रदर्शनात बक्षिसं मिळाली तेव्हा तुझे बाबाच ती मिरवत होते.

मग त्यांच्या कारखान्यात परदेशी भागीदार आले, नवी यंत्रं आली आणि जुन्या माणसांना व्हीआरएस दिली. बाबांनी ती घेतली, खात्यात पेढे वाटले आणि घरी येऊन बूट काढता काढता म्हणाले, “छाटलं गं मला.” त्यानंतर त्यांनी कशालाच कात्री लावली नाही. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या तरी तोंड फिरवायचे. दाढी वाढवली, ती तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी जेवण सोडलं तेव्हा कुठे उतरली. मला तेव्हा हसू यायचं. रिकामा माणूस आणि वर मोकळी गच्ची, मग काय विचारता. ग्रंथालयातून पुस्तकं आणली, आमच्या बोन्साय मंडळात येऊन बसायला लागले आणि भाषणं सुरू झाली. झाडाला आपला आकार ठाऊक असतो, तार म्हणजे बेड्या, खरा बोन्साय नैसर्गिकच. मंडळात दोन तट पडले. आम्ही तारवाल्या बायका त्यांच्यासमोर मुद्दाम तारेची भेंडोळी काढून बसायचो. घरी जेवताना वाद चालायचे आणि खरं सांगते, मला ते आवडायचे. बाबा कशावर तरी तावातावानं बोलत होते, हेच पुष्कळ होतं.

तुझ्या लग्नानंतर मी नाशिकला भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. परत आले तर बाबांनी माझ्या सगळ्या झाडांच्या तारा काढून टाकल्या होत्या. कापून नव्हे, उलगडून. तुझ्या आठवीपासून वाढवलेल्या जांभळाची पहिली फांदी सालीवर लोंबत होती. त्यांनी ती सुतळीनं बांधून ठेवली होती आणि मला म्हणाले, झाडाला हेच हवं होतं. मी भांडले, रडले, चार दिवस अबोला धरला. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. रागावले असते तर वाटली नसती. त्यांचा चेहरा प्रसन्न होता.

त्याच सुमाराचा तो उंबर. गच्चीच्या ज्या कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचा पाइप खाली उतरतो, तिथे कठड्याच्या बुडाशी तो उगवला. कुठल्या पाखरानं बी टाकलं देव जाणे. त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली आपली आत घेतलेली बाल्कनी आहे, म्हणजे तुझी अभ्यासाची खोली. उंबर वीतभर होता तेव्हाच मी उपटायला हात घातला होता. बाबांनी मनगट धरलं. म्हणाले, तुम्ही तारवाले दगडावर मुळं बसवायची म्हणून ती सुतळीनं बांधता, मातीत पुरता, वर्षानुवर्षं वाट बघता. हा बघ, आपणहून बसलाय. याला हात लावायचा नाही, निसर्ग काय करतो ते बघू. मीही म्हटलं बघू. दिसायला तो सुंदर होता, ते नाकारत नाही. खोड जाड झालं, मुळं कठड्यावरून बोटांसारखी पसरली, पानं बारीक राहिली. मी जन्मभर तारा पिळून जे केलं नसतं ते त्यानं केलं.

आता उंबर म्हटल्यावर पुढचं तुला सांगायला नको. उंबर कुणी तोडत नाही. पहिल्या मजल्यावरच्या हिरावहिनींनी दर गुरुवारी त्याच्यापाशी दत्ताचा दिवा लावायला सुरुवात केली. मग कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी पादुकांचा छोटा संगमरवर आणून ठेवला. बाबा देव मानत नाहीत. आधी कुरकुरले, मग त्यांच्या लक्षात आलं की असा राखणदार फुकटात मिळणार नाही. पुढे दर गुरुवारी तेच तेलाची बाटली भरून ठेवायला लागले. आपल्या बागेचं काम करणाऱ्या बजरंगाला मी गेल्या वर्षी गुपचूप सांगून पाहिलं. त्यानं कानाला हात लावले. “ताई, बाकी काय बी सांगा, उंबराला कोयता लावणार नाय,” म्हणाला आणि जाताना त्याच्या पाया पडून गेला.

दुसऱ्या मजल्यावरचे दीनानाथ तुला आठवतात ना? सरकारी खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी दोन पावसाळ्यांपूर्वीच सभेत विषय काढला की झाडाचं मूळ तुझ्या खोलीवरच्या बीममध्ये शिरतंय, बाजूच्या बोन्सायच्या कुंड्यांचा आणि विटांच्या ओट्यांचा भारही त्याच कोपऱ्यावर आहे, झाड काढा आणि बीमची दुरुस्ती करा. पण त्याच महिन्यात एक बिल्डर गच्चीवर आणखी एक मजला चढवायचा प्रस्ताव घेऊन येऊन गेला होता. झालं. दीनानाथ बिल्डरला सामील आहेत, झाडाचं निमित्त करून गच्ची रिकामी करायची आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. हिरावहिनी म्हणाल्या, उंबर तोडून कुणाचं भलं झालंय? बाबांनी टाळ्या घेतल्या. त्या सभेत मी दीनानाथांच्या विरुद्ध हात वर केला होता. नवऱ्याच्या बाजूनं करायचा असतो तसा.

त्यानंतर तुझ्या खोलीत बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या. टेबल रोज पुसावं तरी सकाळी त्यावर पांढरी धूळ. छताच्या गिलाव्याला आधी पोपडा, मग एक रेघ. पावसाळा संपून कोरडं ऊन पडलं तरी कोपऱ्यातला ओला डाग जाईना. गणपतीपासून तुझी ती सरकती खिडकी सरकत नाही, वरून चौकट आवळल्यासारखी झाली आहे. बाबा रोज दुपारी त्याच खोलीत चटई टाकून पडतात. एकदा मी डोकावले तर ते खुर्चीवर उभे राहून बीमला कान लावून होते. मला बघून ओठांवर बोट ठेवलं, घरात तान्हं मूल झोपलेलं असावं तसं.

श्रावणात त्यांनी मंडळाच्या लोकांना उंबर बघायला बोलावलं. दहाबारा जण कॅमेरे घेऊन त्या कोपऱ्यात दाटीवाटीनं उभे. रावसाहेबही आले होते, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत. सगळे वाहवा करत होते. रावसाहेबांनी वाकून मुळांवरून हात फिरवला, मग कठड्याच्या फटीत काठीचं टोक घातलं. ते बरंच आत गेलं. त्यांनी काठी हळूच काढली, दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, मंडळी, चहा खाली दिवाणखान्यातच घेऊ, सगळे एकदम नको, एकेक जण चला. बाबा त्यांना विचारत होते, कसं आहे झाड, कसं आहे. रावसाहेब जिन्याकडे वळले. निघताना मला मात्र दारात म्हणाले, “बाई, असं झाड मी आयुष्यात पाहिलं नाही. त्या खोलीत झोपत जाऊ नका.”

तरी मी गप्प राहिले. म्हातारा माणूस, असेल काही शंका, असं स्वतःला समजावलं. पण नवरात्राच्या आधी गच्ची झाडायला गेले तेव्हा कुंड्यांच्या मागे मला बाबांची छिन्नी आणि हातोडी सापडली. शेजारी शेवाळ आणि शेणखत भरलेलं पोतं. उंबराच्या बुडाशी रचलेल्या विटा बाजूला केल्या. शमू, कठड्यातली फट आपोआप पडलेली नव्हती. तिच्या कडा छिन्नीनं मोकळ्या केलेल्या होत्या, सिमेंट ताजं पांढरं दिसत होतं आणि आत ओलं शेवाळ ठासून भरलेलं होतं, मूळ पुढे सरकावं म्हणून. तशी एक नव्हे, बीमच्या रेषेत ओळीनं. मी त्याच पावली खाली येऊन विचारलं. ते जराही ओशाळले नाहीत. “मी वाट दाखवत नाही. त्याला जायचं असतं, मी फक्त अडथळा काढतो,” म्हणाले आणि मला माठातलं पाणी आणून दिलं, जिना उतरून मला धाप लागली होती म्हणून.

हा त्यांचा नैसर्गिक बोन्साय. माझी तार निदान फांदीवर दिसते तरी. मी त्यांना वेडं म्हणणार नाही. बाजारहाट करतात, वीजबिल भरतात, शेजारच्या मुलांना गणित शिकवतात, सोनूच्या नावानं अंगाई पाठ करतायत. तुझे बाबा वाईट नाहीत, आणि आपण काही चुकीचं करतोय असं त्यांना मुळीच वाटत नाही. त्यामुळेच मला त्यांच्याशी भांडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा भाजीला गेले तेव्हा मी दीनानाथांना बोलावलं. कुठल्या तोंडानं बोलावलं ते माझं मला माहीत. त्यांनी मागचं काही काढलं नाही. काठीच्या मुठीनं बीम ठोकत गेले. भिंतीपाशी आवाज भरीव येत होता, मध्यावर पोकळ. म्हणाले, आतल्या सळया गंजून फुगल्या आहेत, काँक्रीट सुटलंय. मी म्हटलं, मग मी स्वतः उंबर कापते, पाप लागलं तर मला लागो. त्यांनी मान हलवली. आता नुसतं कापून चालणार नाही, मूळ आत कुजलं की त्याची जागाही पोकळ होणार. आज त्या बीमला जे काही धरून आहे ते मूळच आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, म्हणतात ना, तसं झालंय. आधी खालून लोखंडी टेकू लावायचे, वरचा भार उतरवायचा, मग झाड काढायचं आणि बीम तोडून नवा घालायचा. त्या दिवशी ते दोन टेकू घेऊनही आले. बाबांनी दारातूनच परत पाठवले. कारण सांगितलं ते असं, की टेकू लावले तर पाळण्याला जागा कुठे राहील?

पाळणा तिथेच टांगायचा हे त्यांनी तुझा बेत कळला त्याच दिवशी ठरवलं होतं. सकाळचं कोवळं ऊन फक्त त्या खोलीत येतं, हे खरंच आहे. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांनी ड्रिल मशीन आणलं आणि बीमला कड्या बसवायला स्टुलावर चढले. मी खाली हळदकुंकवाचं तबक घेऊन उभी, पाळण्याची पूजा करायची म्हणून. ड्रिल साबणात जावं तसं आत गेलं. आधी पांढरी भुकटी पडली, मग ओला तपकिरी लगदा, आणि मशीन बाहेर काढलं तर पात्याला कोवळे धागे गुंडाळलेले. त्या भोकातून पांढरा चीक ठिबकायला लागला. उंबराचा चीक, शमू, घराच्या छतातून, खाली ठेवलेल्या पाळण्यात. बाबांनी बोटावर थेंब घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. “बघ, इथवर आलाय. माझा नातू याच्या सावलीत झोपणार,” म्हणाले. मग कडी घट्ट पिळून बसवली आणि मजबूत आहे का बघायला दोन्ही हातांनी धरून तिला लोंबकळले, स्टुलावरून पाय उचलून. कडी हलली नाही. वर मात्र बारीक खडी ओतल्यासारखा आवाज सुरू झाला आणि बाबा खाली उतरले तरी तो थांबला नाही. माझ्या हातातलं कुंकू सांडलं. ते म्हणाले, राहू दे, शुभ असतं.

पाळणा आता तिथे टांगलेला आहे. पाळणा हॉलमध्ये हलवू म्हणून मी दोनदा म्हटलं. हो म्हणतात आणि हलवत नाहीत. समज हलवला, तरी मी अंघोळीला गेले की ते बाळाला उचलून त्या खोलीत नेणार, हे मला लख्ख दिसतं. काल दीनानाथांनी महापालिकेला द्यायचा अर्ज लिहून आणला, त्यावर मी सही केली. बाबांना ठाऊक नाही. ज्या दिवशी माणसं बघायला येतील त्या दिवशी कळेल आणि त्या दिवशी माझ्या संसाराचं काय होईल कोण जाणे. अर्ज पुढे सरकायला किती वेळ लागतो ते तुला सांगायला नको. तू मला म्हणशील, तू तरी निघून ये इकडे. नाही येता येणार. ते दुपारी त्या बीमखाली झोपतात आणि मी हॉलमध्ये जागी बसते. काही आवाज आला तर हाका मारायला कुणीतरी हवं.

म्हणून हे पत्र. सोनूला इथे आणू नकोस. हे लिहायला मला पाच पानं लागली, यावरून ओळख. प्रज्ञेशरावांच्या आईंना विनंती कर, पाळणाघर बघ, नाहीतर प्रोजेक्ट सोड, पण त्याला या घरात पाऊल टाकू देऊ नकोस. बाबांना सांग व्हिसा लांबला, सांग बाळाला कांजिण्या आल्या, काहीही सांग. खरं कारण सांगू नकोस, ते कळलं तर दीनानाथांना आणि मला अर्ज मागे घ्यायला लावतील. आणि आणखी एक. रविवारी नेहमीप्रमाणे तुझा फोन येईल. बाबा माझ्या खांद्याशी उभे असतील. मी हसत हसत तुला म्हणेन, सोनूला लवकर घेऊन ये गं, पाळणा वाट बघतोय, माझा कशात जीव लागत नाही. कदाचित रडेनही, आणि ते रडणं खरंच असेल. तू माझं ऐकू नकोस. मी कितीही गयावया केली, तरी ऐकू नकोस.

तुझीच, फोनवर तुला खोटं बोलणारी,
आई